दुसरी सही

४ जून
बाविसावा आठवडा

चिंगे,

फोन बंद केलास, म्हणून पत्र. पत्राला बंद करायचं बटण नसतं. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी वाच. यात तुझ्याबद्दल थोडं आणि बाळाबद्दल जास्त आहे.

काल पोटावरचं जेलसुद्धा नीट न पुसता तू माझ्या सोनोग्राफीच्या खोलीतून निघून गेलीस. छत्री विसरलीस. ती दारामागच्या खुंटीवर लटकते आहे आणि येणारी प्रत्येक बाई विचारते, ही कोणाची. जाताना म्हणालीस, "ताई, तुला माझं चांगलं झालेलं कधी बघवलंच नाही." वा गं वा! एकवीस वर्षं मी लोकांच्या पोटातली बाळं बघते आहे आणि सख्ख्या बहिणीचं तेवढं मला बघवत नाही?

मी खोट काढते, कबूल. तुझ्या लग्नात स्टेजची फळी हलते म्हणाले तर तू दोन दिवस रुसलीस. ती फळी शेवटी कोणाच्या पायाखाली निघाली? तुझ्याच नवऱ्याच्या. घर घेताना कपाटामागे ओल आहे म्हणाले, तर म्हणालीस ताईला सगळीकडे ओलच दिसते. वर्षाच्या आत भिंतीला बुरशी आली. पण चिंगे, फळी आणि भिंत मी शोधायला गेले होते. हे मी शोधायला गेले नव्हते. मी चेहरा बघत होते.

तूच म्हणालीस ना, "ताई, जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटं दे, मला बाळाच्या चेहऱ्याचा फोटो हवाय." नातेवाइकांना तपासायचं नाही हा आमचा नियम. तरी मी तुला आत घेतलं, मशीनमध्ये तुझं नाव न घालता सरावाच्या फाइलवर बघायला लागले. बाळाने हात नाकावर ठेवलेला. तू हसत होतीस, "हलव म्हणावं गं त्याला." तो हात हलेपर्यंत करायचं काय म्हणून माझं मनगट सवयीने खाली सरकलं, हृदयाकडे.

चारही कप्पे छान होते. मग मी हात जरा वर तिरका केला. तिथून दोन मोठ्या नळ्या निघतात. एक सगळ्या अंगाला रक्त नेते, दुसरी फुप्फुसांना. निघताना त्या एकमेकींना ओलांडतात, हाताची घडी घालताना मनगटं येतात तशा. तुझ्या बाळाच्या ओलांडत नाहीत. शेजारी शेजारी सरळ वर जातात, कारण त्यांच्या जागा बदलल्या आहेत.

आत्ता बाळाला काही त्रास नाही. त्याचा श्वास तू घेते आहेस. नाळ कापली की मात्र अंगातलं रक्त फुप्फुसांपर्यंत न जाता परत अंगातच फिरेल आणि काही तासांत बाळ निळं पडायला लागेल. हे आधी माहीत असेल, जवळ हृदयाचे डॉक्टर असतील, तर पहिल्या दिवशी तात्पुरती सोय करतात आणि एक-दोन आठवड्यांत शस्त्रक्रिया करून नळ्या जागेवर लावतात. अशी मुलं मी नंतर पाहिली आहेत. आमच्या खोलीत येऊन गिरक्या खुर्चीवर धिंगाणा घालतात. माहीत नसेल आणि तू त्या कोपऱ्यावरच्या फुलाफुलांच्या पडद्यांच्या प्रसूतिगृहात आडवी झालीस, तर त्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंच्या हातात काहीही नाही. मायाळू आहेत त्या. मायेने रक्त इकडचं तिकडे जात नाही.

माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तू पर्समधून तुझा विसाव्या आठवड्याचा रिपोर्ट काढलास. आमच्याच विभागाचा. खणखणीत आवाजात वाचलास, "मोठ्या वाहिन्या एकमेकींना ओलांडतात. सर्व सामान्य." शेवटच्या ओळीपर्यंत वाचलास आणि त्या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलंस. त्या ओळीबद्दल नंतर बोलू.

शनिवारपर्यंत ये. सरावाची फाइल मशीन दर रविवारी आपोआप पुसतं. तोवर मी चित्रं दाखवू शकते.

ताई


१३ जून
तेविसावा आठवडा

चिंगे,

रविवार गेला. फाइल पुसली गेली. आता माझ्याकडे दाखवायला काही नाही, फक्त सांगायला आहे. मी सांगितलेलं तुला पटत नाही हे आपण तू चार वर्षांची असल्यापासून जाणतो.

तुझ्या नवऱ्याला चार वेळा फोन केला. चारही वेळा तोच सभ्य आवाज, "ताई, ती झोपली आहे." सकाळी दहाला झोपली आहे, दुपारी चारला झोपली आहे, संध्याकाळी सहाला झोपली आहे. तू गरोदर आहेस की अस्वल? मी त्याला सांगायला लागले की बाबा रे, हृदयातून निघणाऱ्या नळ्या... तर म्हणतो, "ताई, तिला ताण द्यायचा नाही असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय." ताण! मला जो ताण आलाय त्याचं काय, तो कुठे नेऊन ठेवू?

आई तर तुझ्याच बाजूने. काल भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुझं चुकलं असेल तर?" मी म्हटलं, "चुकलं असेल तर पुन्हा तपासून घे म्हणावं, त्यात काय बिघडतं?" तर म्हणाली, "अकरा वर्षांनी दिवस राहिलेत तिला. थोडं सुखात राहू दे की." सगळ्यांना तुझं सुख हवंय. बाळ सुखरूप हवंय असं म्हणणारी मी एकटीच आणि दुष्टही मीच.

आणि ती चष्मेवाली. जिने तुझी विसाव्या आठवड्याची तपासणी केली ती. तीन वर्षं मी तिला माझ्या शेजारी बसवून शिकवलं. चार कप्पे दिसले म्हणून थांबायचं नाही, हात वर तिरका करायचा, नळ्या ओलांडताना डोळ्यांनी बघायच्या, हे मी तिला इतक्या वेळा सांगितलंय की तिच्या स्वप्नात माझा आवाज येत असेल. कप्पे चांगले आणि नळ्या चुकलेल्या, हाच तर या दोषाचा कावेबाजपणा. आणि या बाईने बिनधास्त लिहून दिलं, ओलांडतात! कुठे ओलांडतात? तिच्या चष्म्यात?

उद्या तिला गाठून विचारणार आहे. दोन शब्द नाही, चांगले दोनशे सुनावणार आहे.

तू निदान दुसरीकडे कुठेतरी दाखव. माझ्याकडे नको येऊस. कुठल्याही हृदय तपासणाऱ्याकडे जा आणि एवढंच म्हण, "नळ्या बघा." तीन शब्दही नाहीत.

ताई


२९ जून
पंचविसावा आठवडा

चिंगे,

शेवटच्या ओळीबद्दल नंतर बोलू म्हटलं होतं. दोन पत्रं टाळलं. आज बोलते.

आमच्याकडे प्रत्येक रिपोर्टवर दोन सह्या लागतात. पहिली तपासणाऱ्याची. दुसरी तिच्याहून जुन्या बाईची. तिने साठवलेली चित्रं उघडून बघायची आणि मगच सही करायची. चष्मेवालीच्या रिपोर्टांवर दुसरी सही माझी असते. तुझ्या रिपोर्टवरही माझीच आहे. तू त्याच ओळीवर बोट ठेवलंस आणि विचारलंस, "ताई, तू तेव्हा खोटं बोललीस की आत्ता?" मी उत्तर दिलं नाही आणि तू निघून गेलीस. आणि मी पहिल्या पत्रात सगळं लिहिलं, छत्रीसुद्धा लिहिली, हे लिहिलं नाही.

तर ऐक. तुझ्या विसाव्या आठवड्याच्या तपासणीच्या दिवशी जेवणाआधी सह्यांची यादी पडद्यावर आली. तुझं नाव दिसलं. नात्यातल्या माणसाचं बघायचं नाही हा नियम. मी लगेच मान वळवली. तुझी चित्रं उघडली नाहीत आणि आपण कशा नियमाने वागतो म्हणून मनातल्या मनात खूशही झाले. आणि सही केली! बघायचं नाही तर सहीही करायची नाही, यादीतलं ते नाव दुसरीकडे द्यायचं, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही. जिथे नियम मोडायला हवा होता तिथे मी तो पाळला आणि पाळायला हवा होता तिथे तुला जेवणाच्या सुट्टीत आत घेतलं. एक बरं, की निदान दुसऱ्यांदा मोडला.

चष्मेवालीला गाठलं होतं. दोनशे शब्द तयार होते. विसाच्या आतच ती रडायला लागली. म्हणाली, "मॅडम, बाळ पालथं होतं. पाठीच्या कण्याची सावली पडत होती, नळ्या दिसेनात. मी त्यांना दहा मिनिटं चालून या म्हणणार होते, तेवढ्यात पुढच्या बाईंना आत आणून झोपवलं." मी विचारलं, मग नळ्यांच्या चित्राच्या चौकटीत काय ठेवलंस? कारण चौकट रिकामी असली तर आमचं मशीन रिपोर्ट पुराच करू देत नाही. तर तिने काय केलं, चार कप्प्यांचं चित्रच दुसऱ्यांदा तिथे टाकलं. ते 'ओलांडतात' वाक्य तर मशीनमध्ये आधीपासूनच छापलेलं असतं. खोडलं नाही की राहतं.

मी म्हटलं, "अगं पण मला सांगायचं ना!"

ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही चित्रं उघडाल, तेच चित्र दोनदा दिसेल आणि तुम्ही परत पाठवाल. मला वाटलं तुम्ही बघता."

आणि मला वाटलं होतं, ती बघितल्याशिवाय लिहीत नाही. म्हणजे तुझ्या बाळाच्या हृदयावर दोन बायकांनी सह्या केल्या आणि बघितलं एकीनेही नाही. तिच्यावर ओरडायला गेलेली मी तिच्यासाठी पाणी घेऊन आले. राग मात्र गेला नाही. त्याला जायला जागाच उरली नाही, म्हणून माझ्यापाशीच बसलाय.

अजून एक. ती सरावाची फाइल. दोन बटणं दाबली असती तर ती चित्रं तुझ्या नावावर साठली असती, पुसली गेली नसती. शनिवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर मी मशीनसमोर बसलेही होते. पण साठवली असती तर विचारलं असतं, ही तपासणी कोणी केली, कधी केली, का केली. मी नोकरीचा विचार केला. बटणं दाबली नाहीत. मशीन बंद केलं आणि घरी गेले.

हे वाचून तू मला शिव्या दे. पण शिव्या देऊन झाल्या की बाळाला दाखव.

ताई


१६ जुलै
अठ्ठाविसावा आठवडा

चिंगे,

आमच्या विभागाच्या मोठ्या बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. बसा म्हणाल्या नाहीत, म्हणून उभ्यानेच सांगितलं. ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बहिणीची चित्रं उघडली नाहीत, ते नियमामुळे. त्या दिवशीचे बाकीचे वीस रिपोर्ट तरी उघडले होते का?"

चिंगे, या प्रश्नाची मी तयारीच केली नव्हती. तुला सांगताना मी नियमाच्या आड उभी होते. बाईंनी तो आडोसा एका फटक्यात काढून घेतला. नव्हते उघडले. मी चष्मेवालीच्या रिपोर्टांची चित्रं कधीपासून उघडत नाही ते मलाच आठवेना. सुरुवातीला सगळी उघडायची, मग शंका असेल ती, मग नुसती नावं वाचून. तिला मी शिकवलंय, म्हणजे ती चुकणार नाही. किती अभिमान होता मला माझ्या शिकवण्याचा!

"लेखी द्या," म्हणाल्या. दिलं. चौकशी समिती बसली आहे, तोवर माझी सही काढून घेतली आहे. तपासणी करायची, पण सही दुसऱ्याची. एकवीस वर्षांनंतर मी परत पहिल्या वर्षाच्या मुलीसारखी शेजारच्या खोलीत चित्रं घेऊन जाते आणि विचारते, "बघता का जरा?" आणि बघतात हो. एक एक चित्र उघडून बघतात. मला राग येतो आणि मग रागाचा राग येतो.

तुझा रिपोर्ट बाईंनी स्वतः दुरुस्त केला आहे. वाहिन्या दिसलेल्या नाहीत, दोषाची दाट शंका, हृदयतज्ज्ञाकडून ताबडतोब तपासणी करावी. त्यांच्या सहीने तुझ्या पत्त्यावर पाठवलाय. तो माझा नाही, त्यामुळे त्यावर तरी रुसू नकोस.

सहा महिन्यांतले माझ्या सहीचे सगळे रिपोर्ट काढले. एकतीस जणींच्या नळ्यांच्या चौकटीत चुकीचं चित्र किंवा धुरकट काहीतरी होतं. त्यांना परत बोलवायचं काम बाईंनी मलाच दिलं. शिक्षा म्हणून नाही, म्हणाल्या, तुम्हीच नीट समजावून सांगाल म्हणून. त्यांच्या तोंडावरची माशीही हलत नाही, त्यामुळे शिक्षा होती की नाही ते कळायला मार्ग नाही.

तुझी छत्री अजून खुंटीवर आहे.

ताई


२० ऑगस्ट
तेहतिसावा आठवडा

चिंगे,

हद्द झाली तुझी. तू आमच्या विभागातून तुझे सगळे कागद काढून नेलेस. नोंदवहीत लिहिलंय, "कागद नेले." कुठे नेले, का नेले, पुढे काय, काही नाही. तुझा नवरा येऊन घेऊन गेला म्हणे, मी जेवायला गेले होते तेवढ्या वेळात. माझी जेवणाची सुट्टी तुमच्या घराला फार लाभते!

त्याला फोन केला. "ताई, ती झोपली आहे." मी म्हटलं, "तिला उठवू नका, फक्त एवढं सांगा, दाखवलं का?" तर म्हणाला, "ताई, मी तिला शब्द दिलाय की मी तुम्हाला काही सांगणार नाही." शब्द पाळणारा नवरा मिळाला तुला, अभिनंदन. मी फोन आपटला. माझाच होता, काच तडकली.

एकतीस जणींपैकी एकोणतीस येऊन गेल्या. सगळ्यांची हृदयं ठीक. एकीने मला मिठी मारली आणि एकीने, "आमचा जीव टांगणीला लावलात हो," म्हणून चांगलं झापलं. दोघी बरोबर होत्या. तिसावी गाव सोडून गेली, तिथे तिने दाखवलं, ठीक आहे असं कळवलं.

एकतिसाव्या बाईचा फोन तिच्या नवऱ्याने उचलला. मी माझं पाठ केलेलं वाक्य म्हटलं, की तपासणीत एक चित्र राहून गेलंय, पुन्हा यावं. तो शांतपणे म्हणाला, "बाळ मेमध्ये झालं. दुसऱ्या दिवशी गेलं. निळं पडलं होतं." मग म्हणाला, "तुमच्याच रिपोर्टवर सगळं चांगलं लिहिलं होतं, म्हणून आम्ही डॉक्टरांना म्हणत होतो की तुमचं काहीतरी चुकतंय." आणि मग विचारलं, "आता कशाला बोलावताय?"

मी काय बोलले ते मला आठवत नाही. काहीतरी बोलले. त्याने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो रिपोर्ट मी नंतर काढून पाहिला. नळ्यांच्या चौकटीत चार कप्पे. खाली माझी सही, गोल आणि ठसठशीत, शाळेत बक्षीस मिळालं होतं ना अक्षराला, तीच.

त्या बाईला मी पत्र लिहिलं आहे. तिने उत्तर द्यावं अशी माझी लायकी नाही. चौकशी समितीपुढे तोही रिपोर्ट मी स्वतः ठेवलाय.

पण तुझ्या पोटातलं बाळ अजून जिवंत आहे, चिंगे. त्याचं काय करते आहेस ते मला कळायलाच हवं. अबोला धरायचाय तर जन्मभर धर. पण एका कागदावर एवढं लिहून पाठव, "दाखवलं." सही नको, नाव नको. मी अक्षर ओळखीन.

ताई


२७ सप्टेंबर
अडतिसावा आठवडा

चिंगे,

कागद आला नाही. म्हणून आज सकाळी रजा टाकून मी तुझ्या त्या कोपऱ्यावरच्या प्रसूतिगृहात गेले. बरोबर एक चिठ्ठी नेली होती, मोठ्या अक्षरात लिहिलेली. बाळ निळं पडलं तर ऑक्सिजन लावून थांबायचं नाही, कुठे फोन करायचा, कोणतं औषध शिरेतून सुरू करायचं, कोणत्या गाडीने न्यायचं. म्हटलं, तू माझं ऐकत नाहीस तर निदान डॉक्टरीणबाईंच्या टेबलाच्या काचेखाली ही चिठ्ठी असू दे.

तासभर फुलाफुलांच्या पडद्यांकडे बघत बसले. शिवण उसवली आहे दोन ठिकाणी. हो, दिसलं मला, काय करू.

बाईंनी चिठ्ठी पूर्ण वाचली. मग चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "तुम्ही ताई का?"

मी म्हटलं, "हो."

"तुमची बहीण जुलैनंतर माझ्याकडे आलेलीच नाही. तिने दुरुस्त केलेला कागद आणून दाखवला, मी म्हटलं, बाई, हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. मग तिने हृदयाच्या मोठ्या रुग्णालयात नाव घातलं. महिनाभरापासून त्याच्याजवळ खोली घेऊन राहिली आहे. तुम्हाला माहीत नाही?"

चिंगे, मी त्या बाकावर बसून रडले आणि रडून झाल्यावर मला असा संताप आला की बाईंनी मला पाणी दिलं. जुलैपासून! म्हणजे मी ऑगस्टमध्ये ते पत्र लिहीत होते, फोन फोडत होते, आईशी भांडत होते, आणि तू तिथे व्यवस्थित नाव घालून बसली होतीस! एक ओळ लिहायला तुझा हात झिजला असता? आईला माहीत होतं का? आत्ता लिहिता लिहिता विचारलं. ती म्हणते, "तिने शपथ घातली होती." घरात माझ्याशिवाय सगळे शपथा आणि शब्द पाळणारे.

बाई म्हणाल्या, "तुमच्यावर फार चिडली आहे हो ती. म्हणत होती, ताईचं चुकलं असतं तर मी तिला माफ केलं असतं. बरोबर निघालं म्हणून राग येतोय."

हे मी मनात चारदा घोळवलं. मला समजतं ते. मीही तशीच चिडले असते.

चिठ्ठी बाईंनी काचेखाली ठेवून घेतली. दुसऱ्या कोणाला लागेल म्हणाल्या.

नीट राहा. मी काही विचारणार नाही. येणारही नाही. बोलावलंस तर येईन.

ताई


२१ ऑक्टोबर

चिंगे,

तू बाई नाहीस, वैरीण आहेस.

हृदयाच्या रुग्णालयाची एक पद्धत आहे. पोटात दोष दिसलेलं बाळ जन्मलं की ते जिथे तो पहिल्यांदा दिसला त्या विभागाला एक छापील पत्रक पाठवतात. पोटात दिसलं ते जन्मल्यावर जुळलं की नाही, हे त्यात असतं, आणि पाठवण्याआधी ते बाळाच्या आईच्याही हातात देतात. आम्ही ती पत्रकं फळ्यावर लावतो, सगळ्यांना शिकायला. आज सकाळी मी खोलीत आले तर फळ्यासमोर ही गर्दी. चष्मेवाली, सफाईवाल्या मावशी, स्वतः मोठ्या बाई. मला बघून सगळे बाजूला झाले.

मी वाचलं. मुलगी. चार ऑक्टोबर. जुळलं. पहिल्या दिवशी तात्पुरता उपाय, आठव्या दिवशी नळ्यांची शस्त्रक्रिया, दहाव्या दिवशी स्वतःचा श्वास. प्रकृती चांगली. मी तिथेच भिंतीला टेकले. चष्मेवालीने माझ्यासाठी पाणी आणलं. फिटंफाट झाली आमची.

पण खालचा भाग वाचला आणि चढला मला राग. 'दोष प्रथम कोणाला व केव्हा दिसला' या प्रश्नापुढे रुग्णालयवाले डॉक्टरचं नाव लिहितात. तिथे तुझं अक्षर! "माझ्या ताईला. जेवणाच्या सुट्टीत. नियम मोडून." अगं, हे फळ्यावर आहे! माझी चौकशी अजून संपलेली नाही! मोठ्या बाईंनी ते मोठ्याने वाचलं, तशाच चेहऱ्याने, आणि म्हणाल्या, "हे नोंदीत राहू द्या. आणि दुसरी सहीसुद्धा कोणाची होती तेही शेजारी लिहा." मी लिहिलं. माझ्याच हाताने, त्याच ठसठशीत अक्षरात. दोन्ही खरं आहे, दोन्ही राहू दे.

आणि सगळ्यात खाली, जिथे घरच्यांना काही सांगायचं असल्यास दोन रेघा सोडलेल्या असतात, तिथे तू लिहिलंस. साडेचार महिन्यांनी माझ्याशी बोललीस, तेही सगळ्या विभागादेखत. मी ते पत्रक फळ्यावरून काढलं. बाईंनी काढू दिलं. आत्ता समोर ठेवून लिहिते आहे.

"नाक तुझ्यावर गेलंय. ही खोट मात्र तुला दिसली नाही."

हात होता गं नाकावर! कशी दिसणार?

शनिवारी येते. छत्री आणते. नाकात काही खोट नाही, ते तिथे येऊन, नीट उघड्या डोळ्यांनी बघून मगच सांगीन. आणि तुझ्या नवऱ्याला सांगून ठेव, दारात येऊन "ती झोपली आहे" म्हणालाच, तर कोण झोपली आहे ते आधी विचारीन. छोटी झोपली असेल, तर ती उठेपर्यंत पायरीवर बसेन.

ताई